नाही म्हणण्याची मुभा
श्रद्धेची साक्ष, नास्तिकाचा नकार आणि इच्छास्वातंत्र्य

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि लातूर जिल्ह्यातले किल्लारी, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर आणि आजूबाजूची कितीतरी गावे काही सेकंदांत दगडमातीचे ढीग झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. आमचे मुरुम गाव त्याच उमरगा तालुक्यातले. आमच्या भागातला पन्नाशीचा माणूस आजही बोलता बोलता ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशी वर्षे मोजतो.

त्या दिवसांत एक प्रश्न प्रत्येक उंबऱ्यावर होता. देव असता तर हे झाले असते का? भजनी मंडळातला माणूस तो रडत विचारत होता, देव न मानणारा कार्यकर्ता ढिगारा उपसताना विचारत होता आणि चर्चमध्ये गुडघे टेकणारा ख्रिस्ती माणूसही स्वतःला विचारत होता. प्रश्न नवा नव्हता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बनच्या भूकंपात चर्चमध्ये जमलेले भाविक दगावले, तेव्हा व्हॉल्टेअरने तो युरोपला विचारला. १९३४ मध्ये बिहारच्या भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना जाहीर विरोध केला.

ख्रिस्ती विचारात या प्रश्नाला दिले जाणारे सर्वांत परिचित उत्तर इच्छास्वातंत्र्याचे आहे. देवाने माणसाला कळसूत्री बाहुली केले नाही, त्याला निवड दिली, आणि जगातले बरेच दुःख त्या निवडीच्या गैरवापरातून येते, असे ते उत्तर. भूकंपापुढे ते अपुरे पडते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. जमिनीखालचा खडक कोणाच्या पापाने सरकत नाही. दोन फुटांहून जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद, यांनी माणसे गाडली. भूकंप माणसाच्या इच्छेबाहेरचा होता; घर कसे बांधायचे आणि पाडून पुन्हा कसे उभे करायचे, एवढेच माणसाच्या हातात होते. नास्तिक हे बोट दाखवून सांगतो आणि त्याचे बरोबर असते.

पण याच उत्तराला जोडून दुसरा प्रश्न येतो आणि या लेखाचा विषय तोच आहे. देवाने माणसाला खरोखर निवड दिली असेल, तर ‘देव नाही’ असे विचारपूर्वक ठरवलेल्या माणसाला ख्रिस्ती माणूस आपली श्रद्धा सांगायला का जातो? आणि सगळे देवानेच आधी ठरवले असेल, तर सांगून फरक काय पडणार? मराठी मुलुखात हा वाद गेली दोनशे वर्षे पुस्तकात, वर्तमानपत्रात, समुद्रकिनाऱ्यावर आणि घरातल्या चुलीपाशी झाला आहे.

ठरलेले आणि निवडलेले

ख्रिस्ती धर्मशास्त्रात या प्रश्नावर एकमत कधीच नव्हते. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टिनने आधी इच्छास्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिला, आणि पुढे पेलाजियसशी वाद करताना माणसाची इच्छा पापाने इतकी दुबळी झाली आहे की कृपेवाचून ती चांगल्याकडे वळूच शकत नाही, असा आग्रह धरला. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली; पुढच्याच वर्षी मार्टिन लूथरने इच्छेच्या दास्यावर पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले. कॅल्विनच्या परंपरेत कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच निवडले आहे, ही शिकवण ठळक झाली. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने तिला विरोध केला. त्याच्या मते देवाची कृपा प्रत्येक माणसापर्यंत आधीच पोचलेली असते आणि तिला हो किंवा नाही म्हणण्याइतके बळ ती प्रत्येकाला देते. वेस्लीच्या विचाराची मेथडिस्ट मंडळी पुढे निजामाच्या राज्यात आली. मुरुमशेजारच्या बिदर जिल्ह्यात त्यांचे काम आजही आहे.

या वादाचा धागा थेट मराठीपर्यंत येतो. इंग्लंडमधले काही कॅल्विनपंथी म्हणत, परक्या देशातल्या लोकांना वळवायचे असेल तर देव स्वतः वळवील, माणसाने लुडबुड करू नये. विल्यम कॅरी या चांभारकाम केलेल्या उपदेशकाने १७९२ मध्ये पुस्तक लिहून हे खोडले. देव माणसांच्या प्रयत्नातूनच काम करतो, म्हणून प्रयत्न करणे हे आपले कर्तव्य, असे त्याचे म्हणणे. हाच कॅरी बंगालला आला आणि सेरामपूरहून १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण छापून निघाले. ते व्याकरण रचताना आणि बायबलचे भाषांतर करताना त्याला वैजनाथ पंडितांची मदत झाली. नियती आणि प्रयत्न यांविषयीच्या एका इंग्रजी वादातून मराठीच्या छापील व्याकरणाला चालना मिळाली.

प्रारब्ध मोठे की प्रयत्न, हा वाद आपल्याकडेही जुनाच. लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. माणूस कर्माच्या साखळीत बांधलेला असेल, तर त्याला उपदेश तरी कशासाठी करायचा, ही अडचण त्यांनाही सोडवावी लागली. उपदेश करणारा प्रत्येक जण, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ऐकणाऱ्याला निवड आहे असे मनोमन धरूनच बोलतो.

किनाऱ्यावरचा वाद

आपल्याकडे ख्रिस्ती प्रसाराची सुरुवात मात्र बळाने झाली, हे विसरता येत नाही. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे सोडली तर, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय चालू होते. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले. श्रोता शंका विचारतो आणि गुरू उत्तर देतो, अशी त्याची आपल्या पुराणांसारखी ठेवण आहे. एकाच भूमीवर एकीकडे शंकेला शिक्षा होती आणि दुसरीकडे शंकेतूनच ग्रंथ उलगडत होता. ख्रिस्ती प्रसाराच्या या दोन वाटा तेव्हापासून दिसतात.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत दुसरी वाट रुंद झाली. १८३१ मध्ये मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकरांनी जाहीर वाद केला आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ छापून आपली बाजू मांडली. १८४२ मध्ये अहमदनगरहून मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’ निघाले आणि वाद वर्तमानपत्रात गेला. १८५७ च्या पहिल्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांसमोर उभे राहिले आणि लोकांच्या गर्दीत दोन्ही बाजूंनी सवाल-जबाब झाले.

त्या वादांचा वृत्तांत संपादित करणारा अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन. त्याचे चरित्र आपल्या प्रश्नाला अगदी जवळून भिडते. बोवेन तरुणपणी कितीतरी वर्षे अश्रद्ध होता. जिच्याशी त्याचे लग्न ठरले होते ती आजारपणात गेली आणि जाताना आपले बायबल त्याच्यासाठी ठेवून गेली. त्यानंतर तो श्रद्धेकडे वळला. १८४८ मध्ये तो मुंबईला आला, बाजारवस्तीत साधेपणाने राहिला, आणि १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत चाळीस वर्षे इथेच काम करत राहिला. इतक्या वर्षांच्या उपदेशानंतरही त्याच्या शब्दाने धर्मांतर केलेले लोक फारसे नव्हते. तरी त्याने बोलणे थांबवले नाही आणि मुंबईकरांनी त्याला संत म्हणणे थांबवले नाही.

ख्रिस्ती माणूस नास्तिकाला का सांगतो, याचे पहिले उत्तर बोवेनकडे मिळते. तो स्वतः त्या जागी उभा होता. कोणीतरी त्याच्यासाठी पुस्तक ठेवून गेले होते आणि ते उघडायचे की नाही, हे त्याच्यावर सोडले होते. पेन जिलेट या जाहीर नास्तिक अमेरिकन जादूगारानेही हे वेगळ्या बाजूने ओळखले. खेळ संपल्यावर एका गृहस्थाने त्याला बायबल भेट दिले. जिलेट नास्तिकच राहिला, पण आपल्याकडे अनंत जीवन आहे असे खरोखर मानणारा माणूस ते दुसऱ्याला सांगत नसेल, तर तो दुसऱ्याचा किती द्वेष करत असला पाहिजे, असे त्याने जाहीरपणे विचारले.

एका घरातल्या दोन चुली

या प्रश्नाचा सर्वांत खोल मराठी दाखला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होती. तिच्यावर आभाळ कोसळले.

पुढची सुमारे पाच वर्षे म्हणजे इच्छास्वातंत्र्यावरचा अख्खा ग्रंथ आहे. त्या काळी कायदा, रूढी आणि पैसा, तिन्ही नवऱ्याच्या बाजूने होते. टिळकांनी तिन्ही बाजूला ठेवले. ते पत्रे लिहीत, कविता करत, रागावत, रडत, पण बाप्तिस्मा घे असा हुकूम त्यांनी सोडला नाही. काही काळाने लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला गेल्या त्या आपले सोवळे घेऊन. नवरा ख्रिस्ती आणि बायको कर्मठ ब्राह्मण. तिची चूल निराळी, तिचे पाणी निराळे. टिळकांनी ते चालू दिले.

मग एक दिवस शिवाशिवीचा विचार तिच्या मनातून आपोआप गळाला. जात देवाने केली नाही, माणसाने केली, हे तिला स्वतःला दिसले आणि कोणाच्याही हातचे खायचे तिने ठरवले. तारण, त्रैक्य, पाप यांवरच्या कोणत्याही वादाआधी ही पायरी आली. ख्रिस्तावरची श्रद्धा त्यानंतर. १९०० च्या सुमारास तिने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो तिचा होता, नवऱ्याचा नव्हता. म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ आजही सर्व धर्मांचे मराठी वाचक आपले म्हणून वाचतात. टिळकांनी घाई केली असती तर एक ख्रिस्ती वाढला असता आणि लक्ष्मीबाई हरवल्या असत्या.

पंडिता रमाबाईंनी हीच लढाई चर्चच्या आत लढली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी त्रैक्याबद्दल आणि धर्मगुरूंच्या अधिकाराबद्दल प्रश्न विचारणे सोडले नाही. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटून मी दुसरे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना पत्रातून बजावले. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला किंमत असते, हे त्यांनी श्रद्धेच्या आत राहून दाखवले.

रमाबाईंच्याच बाबतीत दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १८८९ मध्ये उघडलेल्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा आरोप झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. पुढे दुष्काळात केडगावच्या मुक्ती सदनाने शेकडो मुलींना जीव दिला. पण भुकेल्या मुलीला अन्न देणाऱ्या हातानेच धर्म दिला, तर तिची निवड किती मोकळी, हा प्रश्न तेव्हाच्या टीकाकारांनी विचारला आणि तो न्याय्य होता. मराठवाड्याने दुष्काळ फार जवळून पाहिले आहेत. पोटात अन्न नसताना माणूस जे म्हणतो, त्याला होकार म्हणू नये. मदत आधी आणि बिनशर्त हवी. साक्ष नंतर, आणि ऐकणारा उठून जाऊ शकेल अशा जागी हवी.

नकाराची बाजू

महाराष्ट्रातला नास्तिकही भक्कम परंपरेचा वारस आहे. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला त्याच १८९५ च्या जूनमध्ये गोपाळ गणेश आगरकर वारले. ‘सुधारक’मधून त्यांनी नीतीला देवाचा आधार लागत नाही, असे निर्भयपणे मांडले आणि पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना अशीच किंमत मोजली. डॉ. श्रीराम लागूंनी परमेश्वराला निवृत्त करावे, अशी भूमिका उघड घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिने देवधर्माला विरोध न करता शोषणाला विरोध केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला.

या परंपरेचा रोख ख्रिस्ती माणसाने नीट ऐकला पाहिजे. मला सांगू नका, असे विवेकवादी सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, पुरावा द्या, भीती घालू नका, चंगाई सभेत आजाऱ्याचे औषध बंद करू नका, नरकाचे चित्र दाखवून लहान मुलांना घाबरवू नका. यातले प्रत्येक वाक्य इच्छास्वातंत्र्याचेच रक्षण करते. भीतीने किंवा फसवणुकीने मिळालेली श्रद्धा देवालाही नको असेल, असे मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला दाभोलकरांची चळवळ आपली शत्रू वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धार्मिक बाबतीत कोणावरही सक्ती नको असे जाहीर केले. नास्तिकतेच्या वाढीत खुद्द श्रद्धावंतांच्या वागण्याचाही वाटा असतो, अशी कबुलीही दिली.

अलीकडे एक नवीच बाजू पुढे आली आहे. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेटच्या प्रयोगात हात हलवण्याची इच्छा जाणवण्याआधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली, आणि इच्छास्वातंत्र्य हा भास आहे, असे काही शास्त्रज्ञ म्हणू लागले. रॉबर्ट सापोल्स्की यांनी २०२३ मध्ये त्यावर मोठे पुस्तक लिहिले. डॅनियल डेनेट हे नास्तिक तत्त्वज्ञ मात्र जबाबदारीला पुरेल एवढे स्वातंत्र्य माणसाकडे आहे, या मतावर अखेरपर्यंत ठाम राहिले. म्हणजे देव आधीच ठरवतो म्हणणारा कॅल्विनपंथी आणि मेंदू आधीच ठरवतो म्हणणारा शास्त्रज्ञ एका ओळीत येतात, आणि वेस्लीचा मेथडिस्ट आणि डेनेटसारखा नास्तिक दुसऱ्या ओळीत. श्रद्धावंत विरुद्ध नास्तिक अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही.

संविधानाची रेघ

६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत धर्मप्रसाराच्या हक्कावर चर्चा झाली. प्रसार हा शब्द गाळावा, असे काहींचे मत होते. कन्हैयालाल मुनशींनी दाखवून दिले की भाषणस्वातंत्र्य असेल तर आपली श्रद्धा दुसऱ्याला पटवून सांगणे तसेही मोकळे राहील. शब्द राहिला. अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि प्रसाराचे स्वातंत्र्य शेजारी शेजारी ठेवले. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नाही. निकालावर मतभेद आहेत, कारण सक्तीविरोधी कायद्यांचा धाक कधी कधी स्वेच्छेने श्रद्धा बदलणाऱ्यालाही बसतो. पण ‘सांगणे’ आणि ‘घडवणे’ यांतला फरक ख्रिस्ती धर्मशास्त्रालाही मान्य व्हावा असा आहे. त्या श्रद्धेप्रमाणे मन पालटणे हे काम देवाचे आणि त्या माणसाचे. साक्ष देणाऱ्याचे नव्हे. सुवार्तेतला श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही.

सवड घेऊन केलेली निवड कशी दिसते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवले. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. अनेक धर्मांचे लोक त्यांना भेटले, ख्रिस्तीही भेटले. एकवीस वर्षे त्यांनी वाचले, तोलले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला निर्मात्या ईश्वराला न मानणारा बुद्धाचा धम्म स्वीकारला. ख्रिस्ती प्रचारकांनी त्यांना सांगितले, त्यांनी ऐकले आणि नाही म्हटले. तो नकार आपल्या धार्मिक इतिहासातला अत्यंत मोकळा निर्णय होता.

धाराशिवचे व्यासपीठ

जानेवारी २०२० मध्ये आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि हरित वसईसाठी लढलेले धर्मगुरू. एका धर्मोपदेशकाला अध्यक्ष कसे केले, म्हणून आधी आक्षेप घेतले गेले. संमेलन पार पडले. त्यांनी मराठीविषयी, माणुसकीविषयी, असहिष्णुतेविषयी भाषण केले. २०२४ मध्ये ते गेले. या जिल्ह्यात लाखो वारकऱ्यांच्या, लिंगायतांच्या, बौद्धांच्या, मुसलमानांच्या आणि देव न मानणाऱ्यांच्या वस्तीत एका ख्रिस्ती धर्मगुरूने बोलावे आणि लोकांनी ऐकावे, हे इथल्या मातीला परके नाही. शेजारच्या बसवकल्याणला बाराव्या शतकात अनुभवमंटपात सर्व जातींची माणसे बसून देवाविषयी खुली चर्चा करत होती.

आढावा घेतल्यावर मला एकच निष्कर्ष दिसतो. इच्छास्वातंत्र्य मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला आपली श्रद्धा नास्तिकाला सांगण्याचे कारण आहे, कारण न सांगितलेली गोष्ट कोणी निवडू शकत नाही. त्याच कारणाने नास्तिकाचे ‘नाही’ त्याने पूर्ण मानाने स्वीकारले पाहिजे. पहिले करून दुसरे नाकारणारा आपल्याच श्रद्धेचा पाया खणतो. आणि नास्तिकानेही आपले विचार तेवढ्याच मोकळेपणी सांगावेत. आगरकरांनी सांगितले नसते तर आपण सगळेच गरीब राहिलो असतो.

महात्मा फुले मिशनरी शाळेत शिकले, बायबल वाचले, ख्रिस्ती झाले नाहीत. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी असे घर कल्पिले, जिथे बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी आहे आणि सगळे एकमेकांवर माया करत एका छपराखाली राहतात. तसे घर गावोगाव व्हावे. तोवर मुरुमच्या वाचकाला एवढेच सांगणे: तुमच्या मनात जे खरे आहे ते शेजाऱ्याला सांगा, त्याचे ऐका, आणि त्याने नाही म्हटले तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चहाला जाणे सोडू नका.